सहावी आणि सातवी सळी

पहिली शिनाई घरी आली तेव्हा आई देवासमोर वाती वळत बसली होती. कुरिअरवाल्या मुलानं ते चार फुटी खोकं जिन्यात तिरकं करत कसंबसं वर आणलं. आईला वाटलं, पडद्याचा पाइप आला. मी खोकं फोडून आतली केंडोची, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या सरावाची, बांबूची तलवार तिच्या हातात दिली. तिनं ती मुठीत धरली, मनगट दोनदा फिरवलं आणि म्हणाली, "अगं, हा तर गदका. तात्यांचा होता तसा."

तात्या म्हणजे आईचे वडील. सयाजीरावांच्या शेवटच्या वर्षांत ते बडोद्यात वाढले, आणि त्या वेळच्या पुष्कळ मराठी मुलांसारखे जुम्मादादांच्या आखाड्यात घडले. तिथले राजरत्न माणिकराव त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत यायचे. मलखांब, लेझीम, लाठी, जंबिया आणि फरी-गदका. फरी म्हणजे कातड्याची गोल ढाल आणि गदका म्हणजे कातड्यानं मढवलेली काठी. मी लहान असताना गदका घरात माळ्यावर पडलेला असायचा. कातडं सुटून लोंबत होतं. त्याला कातडं का लावतात, असं आईनं लहानपणी तात्यांना विचारलं होतं म्हणे. त्यांचं उत्तर तिला अजून पाठ आहे: "खेळगडी उद्या परत यायला नको का?"

मला ते उत्तर कळायला दोन शिनाया, एक चुकीच्या मापाचा हातमोज्यांचा जोड आणि वर्षभराचा वेळ लागला.

माझं रावपुऱ्यात शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लग्नसराईत नऊवारी शिवून देते. तीन वर्षांपूर्वी एक जपानी गृहस्थ दुकानात आले. बुलेट ट्रेनच्या कामाच्या निमित्तानं बडोद्यात तेव्हा जपानी माणसं दिसू लागली होती. लालबागला रेल्वेच्या अकादमीच्या आवारात तिचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या रिक्षावाल्यांनाही त्यांची सवय झाली होती. या गृहस्थांच्या हातात गडद निळ्या कापडाची घडी होती. उलगडली तर घेरदार पायजम्यासारखं काहीतरी निघालं, आणि त्याचा कमरपट्टा एका बाजूनं उसवला होता. तो हाकामा. मी आधी चुण्या मोजल्या. पुढे पाच. एकाही चुणीची धार मोडलेली नव्हती. ज्या माणसानं हे नेसलं, त्यानं दरवेळी ते असं घडी घालून ठेवलं, हे मला कापडावरूनच कळलं. पट्टा हातशिलाईनं शिवून दिला. पैसे देताना मी विचारलं, हे कशासाठी. त्यांनी मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ दाखवला आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, "संडे. सुबह सात. देखने आइए."

गेले. एका शाळेचं सभागृह, सहा-सात माणसं. ती ज्या आवाजात ओरडत होती तो ऐकून मी दारातच थांबले. माझं वय तेव्हा शेहेचाळीस. त्याच्या पुढच्या रविवारी मी अनवाणी त्या फरशीवर उभी होते, आणि पुढचे चार महिने फक्त पाय सरकवायला शिकत होते.

सुरुवातीला आपल्या अंगावर चिलखत नसतं. जुन्या माणसांच्या अंगावर असतं, आणि आपण त्यांच्या डोक्यावर मारायचं असतं. मला ते जमेना. हात वर जायचा, खाली येताना आपोआप मंद व्हायचा, आणि शिनाई सेन्सेईंच्या, म्हणजे आमचे गुरू असलेल्या त्याच जपानी गृहस्थांच्या, शिरस्त्राणावर थाप दिल्यासारखी टेकायची. वयानं मोठ्या माणसाच्या डोक्यात काठी घालायची, हे आपल्या हातात नसतंच. तीन-चार वेळा असं झाल्यावर ते थांबले. जाळीच्या आतून म्हणाले, "धीरे मत मारिए. मैंने ये पहना है. आपके लिए पहना है."

ते वाक्य त्या दिवशी मी नुसतं ऐकलं.

शिनाई सेन्सेईंनी मला दिलेली होती, ती त्यांचीच जुनी. आपली स्वतःची हवी म्हणून मी मोबाइलवर शोधलं आणि आपल्याकडच्या एका ऑनलाइन दुकानावरून स्वस्तातली मागवली. आईनं गदका म्हणून ओळखली ती हीच. फोटोत सुरेख दिसत होती, पिवळी दोरी, काळं मूठकव्हर, चार दिवसांत घरपोच. रविवारी मी ती मोठ्या उमेदीनं घेऊन गेले.

सराव सुरू होण्याआधी प्रत्येक जण आपली शिनाई तपासतो. दुसऱ्या रविवारी सेन्सेईंनी माझी हातात घेतली आणि खिशातला सुती रुमाल तिच्या कडांवरून टोकाकडून मुठीकडे हळूहळू फिरवत आणला. रुमाल तीन ठिकाणी अडकला. रेशमी कापडावर बोथट सुई अडकते ना, धागा ओढला जातो, अगदी तसा. मग त्यांनी खाली बसून ती उसकली. शिनाई म्हणजे बांबूच्या चार कामट्या, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. वरच्या टोकाला कातड्याची टोपी, खाली कातड्याची मूठ, दोन्हींना ताणून धरणारी एक दोरी, आणि टोकापासून साधारण पाव अंतरावर एक कातडी वादी गच्च बांधलेली. दोरीची बाजू म्हणजे तलवारीची पाठ, तिच्या समोरची ती धार. एवढंच. खिळा नाही, डिंक नाही. टोपीच्या आत कामट्यांच्या मध्ये एक रबरी गुडदी असते आणि मुठीच्या आत कामट्यांना खाच पाडून बसवलेली एक लहान चौकोनी पत्र्याची चकती, म्हणजे कामट्या आपापल्या जागेवरून सरकत नाहीत.

माझ्या शिनाईत गुडदी नव्हती. चकतीही नव्हती. एका कामटीला पेऱ्याच्या खाली उभी चीर गेली होती. ती भिंतीवर लावायची वस्तू होती, मारायची नव्हती, आणि विकणाऱ्यानं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. घरी येऊन मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर ३९५ ग्रॅम. स्पर्धेच्या नियमात प्रौढ बायकांसाठी किमान वजन ४४० ग्रॅम आहे, पुरुषांसाठी ५१०, आणि लांबी दोघांनाही जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर. हे वजन मुठीजवळची गोल चकती, त्सुबा, काढून करायचं. माझं मी तिच्यासकट केलं होतं.

वजनाचं मला फारसं वाटलं नाही. चिरीचं वाटलं. गुडदी नसलेल्या शिनाईची टोपी मारताना निसटू शकते, आणि उघडी पडलेली कामटी समोरच्याच्या शिरस्त्राणाच्या सळ्यांमधून आत जाऊ शकते. तुटक्या कामटीनं डोळा गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणूनच तर दर वेळी आधी तपासतात. आधीच्या रविवारी मी तीच शिनाई घेऊन लोकांच्या चेहऱ्यावर वार करत होते. त्या रविवारी सेन्सेई नव्हते, आणि मी स्वतः तपासलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ती शिनाई घेऊन मी एका वांसफोड्याकडे गेले. आपण मराठीत बुरूड म्हणतो, इकडे वांसफोडा. सुपं, टोपल्या, लग्नातले मांडवाचे बांबू, सगळं त्यांच्याकडे. म्हाताऱ्यानं कामटी नखानं टिचकी मारून कानाशी धरली. म्हणाला, "काचो छे, बेन." कोवळा आहे. बांबू तीन-चार वर्षांचा झाल्याशिवाय तोडायचा नाही, आणि तोही पावसाळा सरल्यावर अंधाऱ्या पक्षात, नाहीतर किडा लागतो. हा त्याआधीच तोडला आणि घाईनं वाळवला, म्हणून चिरला. मी त्याला विचारलं, तुम्ही अशी करून द्याल का. त्यानं चारही कामट्या एकत्र धरून पाहिल्या, मधलं पोकळ अंतर पाहिलं, टोकाकडचं निमुळतेपण पाहिलं, आणि मान हलवली. "आ तो कारीगरनुं काम. अमे टोपला बनावीए." स्वतः कारागीर असलेल्या माणसानं दुसऱ्या कारागिराबद्दल इतक्या आदरानं बोललेलं मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

मग मात्र मी जपानमधल्या एका दुकानावरून मागवायचं ठरवलं, आणि शिनाईबरोबर सगळंच मागवायचं ठरवलं. सेन्सेई म्हणाले होते की आता वेळ झाली. बोगु म्हणजे चार वस्तू: डोक्याचं मेन, हातांचे कोते, छातीचं दो आणि कमरेचं तारे. वर अंगात घालायचा जाड सुती सदरा, केइकोगी, आणि हाकामा.

दोन महिने मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर ती पानं वाचत बसायचे. कापडाच्या माणसाला ते वाचन खरोखर गोड लागतं. मेनच्या दोन्ही बाजूंना खांद्यावर पंखांसारखे पसरलेले जे पदर असतात, त्यात सुती कापड आणि नमदा यांचे थर घालून ते शिवलेले असतात. किमतीतला फरक येतो तो शिवणीच्या दोन ओळींमधल्या अंतरावर. मशीनची शिवण सहा मिलिमीटर, पाच, चार. हाताची शिवण 'बु' या जपानी मापात सांगतात; एक बु म्हणजे तीन मिलिमीटर आणि वर किंचित. ओळी जेवढ्या जवळ, तेवढा पदर पातळ, घट्ट आणि टिकाऊ. ओळी जेवढ्या लांब, तेवढा तो मऊ आणि मार पिणारा. हाताच्या दीड बुच्या शिवणीचं मेन मशीनच्या कितीतरी पट महाग.

आईला मी हे वाचून दाखवत होते. ती म्हणाली, "म्हणजे गोधडीच की."

गोधडीच. माझ्या आजीनं, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, शिवलेली एक गोधडी आमच्याकडे आहे. जुन्या लुगड्यांचे सात थर, बाहेरून सुरू करून चौकोनात आत आत जाणारा धावदोरा. मी पट्टी लावून ओळींमधलं अंतर मोजलं. कडेला सहा मिलिमीटर. मध्याकडे, जिथे अंगाचा भार पडतो, तिथे साडेतीन-चार. कुणी तिला माप सांगितलं नव्हतं. कुठे मऊ हवं आणि कुठे टिकायला हवं, ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. जपानमध्ये कुणीतरी खाली मान घालून हाच धावदोरा घालत असेल, फक्त त्याच्या गोधडीखाली माणूस निजत नाही, तिच्यावर मार खातो. त्या रात्री मी मशीनची सहा मिलिमीटरची शिवण निवडली. परवडत होती तीच होती, पण नव्या माणसाला मऊ पदर बरा, हेही होतंच.

मग मापं. माप घेणं हा माझा धंदा. चेहऱ्याचं माप हनुवटीखालून टाळूवरून फिरवून, डोक्याचं कपाळावरून. छाती, कंबर. कोत्यांसाठी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी आणि बोटांच्या मुळाशी पंजाचा घेर. आईनं टेप धरला, मी आकडे लिहिले. आणि कोत्यांच्या आकड्यात मी अर्धा-अर्धा इंच लूज मिळवला. हे हातानं आपोआप झालं. पंचवीस वर्षं मी अंगाचं माप घेतल्यावर लूज मिळवत आले आहे. ब्लाउज अंगाच्या मापाचा कापला तर घालताच येणार नाही. त्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की अंगाचं माप तसंच द्या, बाकीचं आम्ही बघू. मी ते वाचलंही होतं.

पार्सलचा भाग लवकर सांगते. लांब वस्तूचं भाडं वजनावर लागत नाही, खोक्याच्या आकारावर लागतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. १२० बाय १५ बाय १५ चं खोकं म्हणजे ५.४ किलो, आत दोन मिळून एक किलोच्या शिनाया का असेनात. वर आधार कार्डाची केवायसी, कस्टम्स, आणि 'ही तलवार आहे का' या प्रश्नाला दोन वेळा फोनवर उत्तर. सगळं मिळून ४० हजारांच्या घरात गेलं. त्या वर्षी दिवाळीला मी स्वतःसाठी काही घेतलं नाही, आणि मुलानं त्याच्या पहिल्या पगारातले दहा हजार न मागता माझ्या खात्यात टाकले. "आई, तू कधी काही मागवत नाहीस," एवढंच म्हणाला.

खोकं उघडलं तेव्हा आधी वास आला. नीळ, नवं कातडं आणि कुठेतरी खोल गवतासारखं काहीतरी. आईनं मेन मांडीवर घेतलं, चष्मा वर केला आणि पदर उलटा करून टाके पाहिले. "मशीनचाच आहे, पण सरळ आहे हं," तिनं पास केलं. कोत्याच्या तळव्याचं कातडं हरणाचं, इतकं पातळ की आतून बोटाचा ठसा जाणवावा. दो फायबरचं होतं, काळंभोर, त्यात खिडकी दिसत होती.

मेन मी आरशासमोर बांधलं. आधी डोक्याला तेनुगुई बांधायची. जपानी सुती फडकं, साधारण ९० सेंटिमीटर लांब. मी वडिलांच्या पंच्यातून तेवढं कापून घेतलं होतं, धुवून धुवून मऊ झालेला, तो छान बसला. मग हनुवटी आत टेकवून मेन चढवायचं आणि सात शाकु लांबीचे, म्हणजे दोन मीटरहून जरा लांब, बंद मागे फिरवून बांधायचे. गाठीपासून खाली लोंबणारी टोकं ४० सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. चेहऱ्यासमोर आडव्या सळ्या असतात. वरून मोजत आलं की सहाव्या आणि सातव्या सळीमधली फट बाकीच्या फटींपेक्षा किंचित मोठी असते. डोळे नेमके त्या फटीसमोर यायला हवेत. आले तरच मेन मापाचं. मी बोटानं मोजत गेले. सहा. सात. आरशात माझे डोळे बरोबर तिथे होते, आणि मला हुंदका आला. हजारो किलोमीटर लांब कुणीतरी, मला न बघता, माझ्या नजरेसाठी जागा सोडली होती.

कोते मात्र सैल. पंजा आत फिरत होता. मूठ धरली की बोटांच्या आणि शिनाईच्या मध्ये एक पोकळी राहायची, आणि मनगटावरची गादी हाडावर न येता पुढे सरकायची. सेन्सेईंनी एकदाच कोत्यावर मारलं, मार गादीच्या मागे उघड्या हाडावर बसला, आणि मला हात धरून खाली बसावं लागलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्यापेक्षा त्यांना जास्त लागल्यासारखं झालं. सभागृहाच्या कोपऱ्यात जाऊन ते बराच वेळ उभे राहिले, आणि नंतर त्या दिवशी त्यांनी माझ्या कोत्यावर एकही वार केला नाही. आमचा दोघांचाही सराव तिथेच खुंटला.

तेव्हा मला ते वाक्य कळलं. 'आपके लिए पहना है.' मी सैल माप दिलं होतं आणि त्यात नुसतं माझं मनगट उघडं पडलं नव्हतं, त्यांचा हात बांधला गेला होता. मी चिलखत मला लागू नये म्हणून घेतलं होतं. ते खरं तर घालायचं असतं समोरच्यासाठी, त्याला मोकळेपणानं, सगळ्या जोरानिशी, मन न आवरता मारता यावं म्हणून. सेन्सेईंनीच पुढे एकदा चहा पिताना सांगितलं: पूर्वी लाकडी तलवारीनं शिकायचे, आणि खरा वार करता यायचा नाही म्हणून ठरलेल्या चालीच गिरवायचे. १७११ ते १७१६ च्या शोतोकु काळात नागानुमा शिरोझाएमोन कुनिसातो या गुरूंनी चिलखत चढवून बांबूच्या शिनाईनं शिकायची पद्धत घालून दिली, तेव्हा कुठे दोन माणसांना न कचरता पूर्ण वार करता येऊ लागला. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "तात्या दुसरं काय सांगायचे?"

नवे कोते मागवले. या वेळी टेप अंगाला चिकटवून, आकडा तोच. ते यायला दीड महिना लागला. त्यांच्यात मूठ धरली तेव्हा शिनाई जणू थेट तळव्याला लागली. त्या रविवारी सेन्सेईंनी माझ्या मेनवर पहिला खरा वार केला. मला वेदना होईल असं वाटत होतं. झाली नाही. वरून खाली एक भार आला, पाठीच्या कण्यातून पायापर्यंत गेला, कानात कापसाचा आवाज झाला, आणि नाकात निळीचा वास भरला. डोळे मिटले नव्हते. सळ्यांमधून ते मला दिसत होते, आणि ते हसत होते.

त्या निळीबद्दल एक सांगायला हवं, कारण मला ती आधी माहीत असायला हवी होती. केइकोगी खऱ्या निळीत रंगवलेली, आणि खरी नीळ पहिले काही महिने अंगाला, हाताला, मानेला लागत राहते. मी पाण्यात मीठ आणि व्हिनेगर घालून रात्रभर भिजवली, सावलीत वाळवली, तरी सोमवारी माझ्या नखांच्या कडा निळ्या होत्या. एका मुलीच्या साखरपुड्याच्या मोतिया रेशमी ब्लाउजवर माझा अंगठा उठला. ठसा अगदी स्पष्ट, रेषांसकट. मी तसाच कपडा शोधायला मंगळबाजार पालथा घातला, आणि तिसऱ्या दिवशी नवा ब्लाउज शिवून तिच्या आईच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून रविवार रात्र आणि सोमवार मी फक्त काळं आणि गडद कापड हातात घेते. नीळ आता मानेवर फिकट राहते, आंघोळीनं जात नाही, आणि मला ती आवडू लागली आहे.

शिनाईची देखभाल ही रोजची झाली. कडांवरून आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फिरवायचा. अडकला तर तिथे काचकागद, कूस मोठी असेल तर चाकूनं कड तासायची, मग जवसाचं तेल. बडोद्याचा उन्हाळा बांबूला कोरडा करतो, तेव्हा तेल जास्त. मार खाणारी कामटी नेहमी तीच राहू नये म्हणून मधूनमधून शिनाई उसकून कामट्यांच्या जागा बदलायच्या. दोरी पुन्हा ताणताना गुडघ्यात धरून सगळा जोर लावावा लागतो, आणि तेव्हा आई दुसरं टोक धरते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. "अजून ताण," म्हणते.

आणि पावसाळा. कोत्यांच्या तळव्याला पहिल्याच जुलैत पांढरी बुरशी आली. घाम आणि दमट हवा. पंख्याखाली वाळवल्याशिवाय पिशवीत घालायचं नाही, हे तेव्हा शिकले. पण खरा पाऊस ऑगस्ट २०२४ चा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, त्या आठवड्यात पाणी ३५ च्याही वर गेलं. आमचं घर कारेलीबागेत, तळमजला अधिक एक. पहाटे तीन वाजता गल्लीत पाणी वाहायचा आवाज आला. मी आणि मुलगा वस्तू माळ्यावर चढवू लागलो. आईची औषधं, गॅसचा सिलिंडर, ओळखपत्रांची पेटी, घरची शिलाई मशीन, आणि बोगुची पिशवी. मुलानं पिशवी उचलली तेव्हा म्हणाला, "ही आधी का?" मी म्हटलं, "लोक मारतील कुठे मग?" दोघांनाही तेवढं पुरलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाणी थांबलं. दोन दिवस आम्ही वरच्या खोलीत होतो, आणि आईनं त्या दोन दिवसांत माझ्या कोत्याच्या तळव्याला पडलेलं भोक शिवून टाकलं. जुन्या सैल कोत्याचं हरणाचं कातडं कापून घेतलं, तिरक्या टाक्यानं आतून बसवलं. इतकं सफाईदार, की सेन्सेईंनी तळवा उलटा करून दोनदा पाहिला.

सेन्सेई आता परत गेले. त्यांचं काम संपलं. जाताना त्यांनी आपला हाकामा मला दिला, मी शिवलेल्या कमरपट्ट्यासकट. सभागृहाची किल्ली आता आमच्यातल्या एकाकडे असते, आणि आम्ही पाच जण उरलो आहोत.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. सयाजीराव युनिव्हर्सिटीत एमएस्सी करते, घरी मराठी, बोलताना मधेच गुजराती येतं. तिलाही ऑनलाइन मागवायचं आहे. परवा ती दुकानात आली, मी टेप काढला आणि तिच्या पंजाचा घेर घेतला. तिच्या मोबाइलमध्ये मी स्वतः आकडा टाकला. ती म्हणाली, "मावशी, थोडा लूज नको का?"

"नको. आहे तोच लिही."

रविवारी ती माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातातली शिनाई माझीच जुनी आहे. मी आधी ती घेतली, लुगड्याचा तुकडा टोकापासून मुठीपर्यंत फिरवला, कुठे अडकला नाही, तिला परत दिली. मग गुडघ्यांवर बसून पंचा बांधला, मेन चढवलं, बंद ओढून गाठ मारली. उभी राहिले. तिनं हात वर उचलला, आणि तो खाली येताना मंद झाला. शिनाई माझ्या डोक्यावर हलकीच टेकली. तिचे डोळे घाबरलेले.

"मावशी, तुम्हाला लागेल."

मी सहाव्या आणि सातव्या सळीमधून तिच्याकडे पाहिलं.

"नाही लागणार. हे मी तुझ्यासाठी घातलंय. मार."